पेज आपल्याला, पेंढा गाईला: सजीव ज्या रेणूंचे बनतात त्यांच्याविषयी

भाताचं रोप एकच. त्याच्या लोंबीतले दाणे आपण शिजवून खातो आणि उरलेला पेंढा उडवी रचून गुरांसाठी ठेवतो. गंमत अशी की दाण्यातला स्टार्च आणि पेंढ्यातलं सेल्युलोज ही दोन्ही द्रव्यं ग्लुकोज या एकाच साखरेची बनलेली आहेत. दोन्हीकडे तेच सहा कार्बन, तोच हायड्रोजन, तोच ऑक्सिजन. तरीही पेंढा दिवसभर उकळत ठेवला म्हणून त्याची पेज होत नाही, आणि माणूस तो खाऊन जगत नाही.

फरक आहे तो जोडणीचा. शाळेत 'कर्बोदके, प्रथिने, मेद, न्यूक्लिक आम्ले' अशी चौकडी पाठ करून घेतात, प्रत्येकाखाली दोन उदाहरणं लिहिली की धडा संपला. माझ्या मते त्या चार नावांच्या आधी रेणूंची जोडणी आणि तिच्यातून येणारा आकार ही गोष्ट शिकवायला हवी. पुढचं निम्म्याहून अधिक त्यातूनच उलगडतं. आणि कोकणात राहणाऱ्याला त्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही. चुलीपासून बंदरापर्यंतच्या वाटेवर बहुतेक सगळं सापडतं.

सजीवांमधले मोठे रेणू अबोलीच्या वळेसरासारखे असतात. फूल छोटं आणि साधं, पण एकाला एक गुंफत गेलं की लांबलचक सर तयार होतो. फुलाच्या जागी कुठे साखरेचा रेणू असतो, कुठे अमिनो आम्ल. दोन दुवे जोडले जाताना दरवेळी पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. पचन म्हणजे नेमकी याची उलट क्रिया: त्या जागी पाणी परत घालायचं आणि दुवा सोडवायचा. भात पचवणं आणि मासा पचवणं, दोन्हींत मूळ रसायन हेच.

आता भाताकडे वळू. स्टार्चमध्ये ग्लुकोजचे सगळे दुवे एकाच बाजूला तोंड करून जोडलेले असतात. त्यामुळे साखळी सरळ न राहता पिळत जाते आणि तिचं मळसूत्र होतं. एका वेढ्यात साधारण सहा ग्लुकोज. हे मळसूत्र आतून पोकळ असतं, आणि ते घरीच पाहता येतं. उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ वाटीत घ्या, पूर्ण गार होऊ द्या आणि जखमेवर लावायच्या आयोडीनचा एक थेंब टाका. तपकिरी थेंब पडताक्षणी निळा-काळा होतो, कारण आयोडीन त्या पोकळीत जाऊन अडकतं. पेज गरम असेल तर रंग धरत नाही. उष्णतेने वेढे सैल होतात. गार झाली की तोच रंग परत येतो.

स्टार्चही दोन प्रकारचा. अमायलोज बिनफांद्यांचा, अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचा. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर चिकट. तांदूळ उकडताना दाण्यातला स्टार्च एकदा फुगतो आणि वाळताना पुन्हा घट्ट बसतो, म्हणून उकड्याचा भात शिजायला वेळ घेतो आणि गिच्च होत नाही. उकडण्याचा आणखी एक फायदा आहे. कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वं पाण्याबरोबर दाण्याच्या आत सरकतात आणि नंतर कोंडा काढला तरी बरीचशी शाबूत राहतात. 1890च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आयकमान या डच डॉक्टरांना दिसलं की पॉलिशच्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या सावरतात. त्यातूनच पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागत गेला. आयकमानांना 1929 साली नोबेल मिळालं. उकडा तांदूळ खाणाऱ्या आपल्या आज्यांना कोणी विचारलं नाही ही गोष्ट वेगळी.

पेंढ्यात मात्र दर दुसरा ग्लुकोज उलटा बसवलेला असतो. एवढ्या एका उलटापालटीने साखळी सरळ, ताठ होते. अशा असंख्य साखळ्या शेजारी शेजारी आडव्या पडतात, एकमेकींना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरतात आणि तयार होतो धागा. पाणी आत शिरायला जागाच उरत नाही. आपल्या लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्चचा दुवा ओळखतं, सेल्युलोजचा नाही. नुसता भात बराच वेळ चावत राहिलं तर गोडसर लागतो, पेंढा कितीही चावला तरी लागणार नाही. गाईला तरी तो कुठे पचतो म्हणा! तिच्या पोटातल्या जिवाणूंना पचतो आणि ती त्यांच्या जिवावर जगते. हीच युक्ती समुद्रातही चालते. लाकडी होड्या पोखरणारा जो लांबोडका, किड्यासारखा दिसणारा जीव आहे, तो खरं तर शिंपल्यांच्या, म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या नात्यातला. त्याच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू लाकूड पचवणारी विकरं बनवतात. नारळाच्या सोडणात सेल्युलोजबरोबर लिग्निन नावाचं आणखी चिवट द्रव्य भरपूर असतं, म्हणून काथ्या खाऱ्या पाण्यातही लवकर कुजत नाही.

चिंगळं, म्हणजे कोळंबी, सोलताना बोटाला टोचणारी साल आणि कुर्लीचं (खेकड्याचं) कवच हेही याच घराण्यातलं. तिथे ग्लुकोजला नायट्रोजनवाला एक गट चिकटलेला असतो, जोडणी सेल्युलोजसारखीच उलटसुलट. त्याला कायटिन म्हणतात. आन्री ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1811 साली ते वेगळं केलं, तेही कुर्लीतून नव्हे, अळंबीतून.

तेला-तुपाची गोष्ट थोडी निराळी, कारण तिथे लांब सर नसतो. ग्लिसरॉलचा एक छोटा रेणू आणि त्याला जोडलेली फॅटी ॲसिडची तीन शेपटं, एवढाच मामला. पण आकाराचा खेळ इथेही आहेच. खोबरेल तेलातली सुमारे 90 टक्के फॅटी ॲसिडं संपृक्त असतात, म्हणजे त्यांच्या कार्बन-कार्बनमध्ये दुहेरी बंध नसतात, म्हणून शेपटं सरळ असतात. सरळ शेपटं एकमेकांना लगटून बसतात आणि तेल गोठतं. त्यातलं निम्म्याच्या आसपास लॉरिक ॲसिड. त्याचं शेपूट जेमतेम 12 कार्बनचं, म्हणून पकड बेताचीच. परिणाम असा की खोबरेल 24-25 अंशांच्या आसपास आपलं रूप बदलतं. पौषातल्या सकाळी बाटलीत गोठलेलं तेल दुपारी आपोआप पातळ होतं ते यामुळे.

कोकमाच्या बियांचं तेल, ज्याला भिरंडेल किंवा मुठेल म्हणतात, ते पाहा. त्यात 18 कार्बनचं लांब आणि सरळ स्टिअरिक ॲसिड भरपूर. ते वितळायला 40 अंशांच्या जवळपास जावं लागतं, म्हणून वैशाखातही त्याचा गोळा घट्टच राहतो आणि टाचांच्या भेगांना लावताना गरम करून घ्यावा लागतो. याच्या अगदी उलट तारलीचं तेल. त्यात 20 आणि 22 कार्बनची शेपटं आहेत, लांबी स्टिअरिकपेक्षाही जास्त, पण त्यांत पाच-सहा ठिकाणी दुहेरी बंध आहेत आणि प्रत्येक बंधापाशी शेपूट वाकतं. वाकडी शेपटं लगटून बसू शकत नाहीत. हे तेल फ्रिजमध्येही बहुतांशी पातळ राहतं. ज्याला ओमेगा-3 म्हणून कॅप्सूलमधून विकतात ते हेच, आणि हंगामात बंदरावर तारली त्याहून पुष्कळ स्वस्त मिळते.

माशाला याचा उपयोग काय? प्रत्येक पेशीभोवती मेदाचाच, पण जरा वेगळ्या घडणीचा, दुहेरी पडदा असतो. त्या मेदाला दोनच शेपटं असतात आणि तिसऱ्या जागी फॉस्फेटचं डोकं. डोक्याला पाणी आवडतं, शेपटांना अजिबात नाही. असे रेणू पाण्यात पडले की शेपटं आत, डोकी बाहेर अशी रचना ते आपली आपणच करतात. या पडद्याची जाडी मिलिमीटरच्या साधारण दोन लाखाव्या भागाएवढी. तो लवचीक राहिला तरच पेशीत ये-जा चालू राहते. माशाचं शरीर पाण्याइतकंच थंड असतं, त्यामुळे सरळ शेपटांचा पडदा थंड पाण्यात गोठून बसला असता.

पण दुहेरी बंध हा दुबळेपणाही आहे. हवेतला ऑक्सिजन नेमका त्याच्या शेजारी हल्ला करतो, म्हणून माशाचं तेल लवकर खवट होतं. लाकडी होड्यांना माशाचं तेल चोळायची जुनी पद्धत आहे, तीही याच रसायनावर चालते. तेलाची शेपटं ऑक्सिजनमुळे एकमेकांत अडकतात आणि लाकडावर चिवट थर धरतो. खोबरेल चोळून हे होणार नाही.

जाता जाता नारळाच्या भांडणाचं. 'नारळात कोलेस्ट्रॉल असतं' असं अनेक जण सांगतात. ते चूक आहे, वनस्पतींमध्ये ते नगण्य असतं. पण म्हणून खोबरेल कितीही ओता, असं नाही. त्यातली संपृक्त फॅटी ॲसिडं आपल्या रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' म्हणतात ते कोलेस्ट्रॉल वाढवतात आणि हे पुन्हा पुन्हा दिसून आलेलं आहे. सोलकढीवर राग धरण्याचं कारण नाही. खोबरेलाला अमृत म्हणून विकणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नये.

प्रथिनांपाशी जरा जास्त वेळ थांबू, कारण शरीरातली बहुतेक कामं तीच करतात. ती 20 प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात आणि क्रम हवा तसा लावता येतो. सर तयार झाला की तो तसाच लोंबत राहत नाही, घड्या घालून विशिष्ट आकारात बसतो. पाण्याला नाखूश असलेले दुवे आत दडतात, बाकीचे बाहेर. काम चालतं ते या आकारामुळे. क्रमात एका जागी चूक झाली तरी किती फरक पडतो हे सिकलसेल आजारात दिसतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 दुवे असतात. त्यांतला सहावा, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आला की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर हा आजार आरोग्यसेविकांना चांगला माहीत आहे.

मासा शिजतो म्हणजे प्रथिनांच्या घड्या उसकटतात. साखळी तुटत नाही, फक्त उलगडते आणि शेजारणींत गुंतते. म्हणून काचेसारखं दिसणारं मांस पांढरं, घट्ट होतं. चिंगळांत हे रंगासकट दिसतं. त्यांच्या सालीत ॲस्टाझॅन्थिन नावाचं केशरी-तांबडं रंगद्रव्य असतं, पण एक प्रथिन त्याला असं धरून ठेवतं की रंग करडा-निळसर भासतो. तव्यावर टाकल्यावर ते प्रथिन उसकटतं, पकड सुटते आणि चिंगळं मिनिटभरात लाल होतात. रंग नवा तयार होत नाही, आधीपासूनच असतो. तो चिंगळाने मुळापासून बनवलेलाही नसतो; शेवाळापासून सुरू होणाऱ्या खाद्यसाखळीतून आलेला असतो.

नारळाच्या रसातही प्रथिनं कामाला लागलेली असतात. तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगते ठेवायचं काम ती करतात, थेंबांभोवती कडं करून. रस खळाखळा उकळला की ही प्रथिनं गोठतात, थेंब एकमेकांत मिसळतात आणि रस फुटतो. म्हणून आई सांगते, नारळ घातल्यावर मंद आचेवर ठेव आणि ढवळत राहा.

आणि शिळी माशाची कढी! रात्री पातळ होती ती सकाळी फ्रिजमधून काढली की थिजून बसलेली असते. ते तेल नव्हे, कोलॅजन. कातडी, काटे, स्नायूंमधले पडदे यांत ते असतं. तीन साखळ्या एकमेकींना पीळ घालून त्याची दोरी होते, आणि प्रत्येक साखळीत दर तिसरा दुवा ग्लायसिन, कारण पिळाच्या आतल्या अरुंद जागेत सर्वांत लहान अमिनो आम्लच मावतं. शिजताना पीळ सुटतो आणि जिलेटिन होतं, गार होताना ते पाण्याला जाळ्यात धरून ठेवतं. ही तिहेरी रचना मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी 1954 साली मांडली. भारतात बसून केलेलं इतकं मूलभूत काम आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं याचं मला नेहमी नवल वाटतं. माशाचं कोलॅजन मटणापेक्षा कमी तापमानाला सुटतं, म्हणून बांगड्याला दहा मिनिटं पुरतात आणि मटणाला कुकर लागतो.

प्रथिनांच्या दुव्यांना जिवाणू लागले की काय होतं तेही कोकणात माहीत असायलाच हवं. बांगड्याच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल मोकळ्या स्वरूपात बरंच असतं. मासा बर्फाविना उन्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. असा बांगडा खाल्ला की थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. लोक म्हणतात 'बांगडा बाधला' किंवा 'ॲलर्जी आहे'. पुष्कळदा ती ॲलर्जी नसते, त्या एका माशाची हाताळणी वाईट झालेली असते. हिस्टामिन उकळून किंवा तळून जात नाही. त्यामुळे जास्त शिजवून धोका टळतो हा समज सोडून द्यावा. बर्फ हवा, आणि तो पकडल्यापासून हवा, बाजारात आल्यावर नव्हे.

माशाच्या वासाची गोष्ट याच्या शेजारची. समुद्रातल्या माशांच्या शरीरात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा एक बिनवासाचा छोटा रेणू असतो. मासा मेल्यावर जिवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतो तो वासाचा ट्रायमिथाइलअमाइन. तो अल्कधर्मी असल्याने आंबट पदार्थाशी त्याचं मीठ होतं आणि मीठ हवेत उडत नाही. तिखल्यात सोलं टाकण्यामागे चव आहेच, पण वासही असा जागीच बांधला जातो. मोरीत, म्हणजे शार्कमध्ये, आणखी एक भर असते. तिच्या अंगात जवळपास दोन टक्के युरिया असतो, खाऱ्या पाण्यात शरीरातलं पाणी टिकवण्यासाठी. एवढ्या युरियाने प्रथिनं उसकटायला हवीत, पण वरचाच बिनवासाचा रेणू त्यांना सावरून धरतो. मोरी शिळी झाली की युरियाचा अमोनिया होतो आणि मग मोरीचं मटण शेजारच्या घरापर्यंत जाणवतं.

युरियाचं नाव निघालंच आहे तर 1828 साल सांगायला हवं. तोपर्यंत अनेक विद्वान मानत होते की सजीवांमधली द्रव्यं फक्त सजीवच बनवू शकतात, त्यासाठी काही खास प्राणशक्ती लागते. फ्रीडरिश व्होलर यांनी त्या वर्षी प्रयोगशाळेत अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला, मूत्रपिंडाशिवाय. एका प्रयोगाने जुनी समजूत मेली नाही, पण तिला तडा गेला. मोरीतला युरिया आणि शेतात टाकायच्या गोणीतला युरिया यांत एका अणूचाही फरक नाही.

राहिली न्यूक्लिक आम्लं. प्रथिनात कोणत्या अमिनो आम्लानंतर कोणतं, हा क्रम डीएनए या न्यूक्लिक आम्लात साठवलेला असतो. दुवे फक्त चार प्रकारचे: ए, टी, जी, सी. तीन-तीनचा गट एक अमिनो आम्ल सांगतो. असे 64 गट होतात. कोणता गट कशासाठी हे शोधण्यात हरगोविंद खोराना यांचा मोठा वाटा होता, त्यासाठी 1968 चं नोबेल त्यांना इतर दोघांबरोबर मिळालं. डीएनएचे दोन सर समोरासमोरच्या दुव्यांच्या जोड्या करून असतात. माणसाच्या एका संचात (एक आईकडून, एक वडिलांकडून येतो) अशा सुमारे 300 कोटी जोड्या असतात आणि एका पेशीतले दोन्ही संच मिळून ताणले तर सुमारे 2 मीटर भरतात. डीएनए पहिल्यांदा हाती लागला 1869 साली. फ्रीडरिश मीशर यांनी दवाखान्यातल्या पट्ट्यांवरच्या पुवातून तो काढला, आणि पुढे त्यांनी साल्मन माशाच्या शुक्रपेशी वापरल्या, कारण त्यांत केंद्रकाशिवाय दुसरं फारसं काही नसतं.

कोवळ्या शहाळ्याचं पाणीही या बाबतीत भारी आहे. ते नुसतं साखरपाणी नव्हे. त्यात डीएनए बाळगणारी केंद्रकं पेशीच्या भिंतीविना मोकळी तरंगत असतात. नंतर ती कडेला सरकतात, त्यांच्याभोवती भिंती तयार होतात आणि मलई धरू लागते. अडसराच्या टप्प्याला ती घट्ट होते, मग खोबरं. पुढे नारळाला कोंब आला की आत पांढरा, भुसभुशीत, गोड गोळा वाढतो. गर्भातल्या डीएनएवरून बनलेली विकरं खोबऱ्यातला मेद फोडतात आणि त्याची साखर करून रोपाला पुरवतात. ही किमया आपल्याला जमत नाही: मेदातल्या फॅटी ॲसिडांपासून ग्लुकोज बनवायचा मार्ग माणसाच्या शरीरात नाही.

आपण रोज डीएनए खातो हे ऐकून काहींना धसका बसतो. भातात, भाजीत, माशात, सगळीकडे तो असतोच आणि आतड्यात त्याचे तुकडे होतात. खाल्लेल्या बांगड्याचे गुण आपल्यात येत नाहीत. पण एक खूण मात्र उरते. ए आणि जी हे दुवे प्युरिन गटातले आहेत आणि शरीर त्यांचं शेवटी यूरिक ॲसिड करतं. बहुतेक सस्तन प्राणी ते आणखी फोडून टाकतात. माणसाने ते विकर उत्क्रांतीत गमावलंय. यूरिक ॲसिड साठून अंगठ्याचा सांधा सुजतो, लाल होतो, चादर लागलेलीही सहन होत नाही, तो गाऊट. तारलीसारख्या छोट्या माशांत प्युरिन बरंच असतं, म्हणून डॉक्टर आधी त्यांच्यावर बोट ठेवतात. डाळी आणि पालेभाज्यांतही प्युरिन असतं, पण त्यांच्यामुळे गाऊटचा धोका तसा वाढलेला दिसत नाही. दारूमुळे, त्यातही बिअरमुळे, नक्की वाढतो. तेव्हा यूरिक ॲसिड वाढलं म्हणून कुळथाची पिठी बंद करून बिअर चालू ठेवणाऱ्यांनी क्रम उलटा लावलाय.